परदेशी स्वयंसेवक आपल्या गावात अचानक आजारी पडला तर? यजमानांनी काय करावे?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात परदेशी पाहुणे नवे नाहीत. जामखेडचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प, नगर शहरातील स्नेहालय, पाणलोट विकासासाठी ओळखली जाणारी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे, अरणगावजवळचे मेहेराबाद अशा ठिकाणी जगभरातून लोक येतात. कोणी शिकायला येतो, कोणी श्रद्धेने, तर कोणी काही आठवडे विनामोबदला काम करायला. यातले बरेच जण विशीतले असतात आणि घरापासून एवढ्या लांब पहिल्यांदाच आलेले असतात.

अशा पाहुण्याला मध्यरात्री साप चावला, भर उन्हात तो कोसळला किंवा जेवताना त्याचा घसा सुजू लागला, तर त्याच्याजवळ सगळ्यात आधी पोहोचतो तो यजमान. तो संस्थेचा कार्यकर्ता असेल, शाळेतले शिक्षक असतील किंवा ज्यांच्या घरी पाहुणा उतरला आहे त्या घरातल्या काकू असतील. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

थोडक्यात

- पाहुणा येण्याआधीच त्याच्या आरोग्याची माहिती एका कागदावर लिहून घ्या.
- जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे काय मिळते, हे आधीच पाहून ठेवा.
- गंभीर प्रसंगी १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.
- घरगुती उपायांत वेळ घालवू नका.
- विमा कंपनी, कुटुंब आणि दूतावास यांना त्याच दिवशी कळवा.
- संकोच बाळगू नका. उशीर बहुतेक वेळा संकोचामुळेच होतो.

उशीर का होतो?

पाहुण्याला वाटते, ‘ही माणसे माझ्यासाठी आधीच इतके करतात, त्यांना आणखी त्रास कशाला?’ म्हणून तो जुलाब, ताप, चक्कर अंगावर काढतो. यजमानाला वाटते, ‘परक्या मुलखातला पोरगा, त्याला उगाच घाबरवायला नको.’ म्हणून तोही ‘काही नाही, होईल बरं’ असे म्हणत राहतो. संस्थेला नाव खराब होण्याची धास्ती असते. पाहुण्याच्या घरच्यांना कळवायचे का, यावरही खल होतो आणि ‘काळजी करतील’ म्हणून गोष्ट सकाळवर ढकलली जाते. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण वेळ मात्र निघून जातो.

यावर उपाय सोपा आहे. पाहुणा आला त्याच दिवशी चहा घेताना त्याला स्पष्ट सांगा : ‘रात्री कितीही वाजता उठवलेस तरी आम्हाला राग येणार नाही. बरे वाटत नसेल तर लपवायचे नाही.’ हे एक वाक्य औषधांच्या पेटीइतकेच मोलाचे आहे.

जिल्ह्यातली अंतरे लक्षात घ्या

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे : १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे कडे आहेत, तर आग्नेयेला जामखेडचा कोरडवाहू पट्टा. त्यामुळे ‘नगरला नेऊ’ हे उत्तर प्रत्येक गावासाठी योग्य ठरत नाही. कोणाला संगमनेर जवळ पडते, कोणाला लोणी, तर कोणाला शेजारच्या जिल्ह्यातले गाव.

सरकारी आरोग्यव्यवस्थेची उतरंड अशी आहे : उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. याशिवाय लोणीला (ता. राहाता) प्रवरा संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. जामखेडला आरोग्य प्रकल्पाचे स्वतःचे रुग्णालय आहे.

पाहुणा येण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन किंवा फोन करून चार गोष्टी विचारून ठेवा :

- सर्पदंशावरची लस (प्रतिविष) इथे आहे का?
- कुत्रा चावल्यास रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन मिळते का?
- रात्री डॉक्टर असतात का?
- अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र असलेले सर्वांत जवळचे ठिकाण कोणते?

गावातल्या आशाताईंशी पाहुण्याची ओळख करून द्या. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याची पहिली जबाबदारी तिच्याकडे द्यायची, ही कल्पना या जिल्ह्याला फार आधीपासून माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या अनेक स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तुमच्या गावात तशी माहीतगार बाई असेल, तर पहिला फोन करण्याच्या यादीत तिचे नाव हवेच.

एक कागद, दोन प्रती

पाहुण्याकडून पुढील माहिती लिहून घ्या. एक प्रत त्याच्या पाकिटात आणि एक तुमच्याकडे ठेवा.

१. पूर्ण नाव (पासपोर्टवर आहे तसेच), जन्मतारीख, रक्तगट.
२. कशाची ॲलर्जी आहे? औषध, अन्न, मधमाशी?
३. जुने आजार : दमा, मधुमेह, फिट येणे, हृदयविकार, नैराश्य.
४. रोजची औषधे, मूळ औषधी नावासह. कंपनीने दिलेले नाव देशागणिक बदलते.
५. घेतलेल्या लसी, विशेषतः धनुर्वात आणि रेबीज.
६. विमा पॉलिसीचा क्रमांक आणि कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन.
७. घरच्या दोन व्यक्तींचे फोन आणि त्यांची भाषा.
८. त्या देशाच्या दूतावासाचा किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचा आपत्कालीन फोन.

मूळ नावातही एक मेख आहे. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ॲसिटअमिनोफेन म्हणतात. पाहुण्याने स्वतःजवळची गोळी घेतली आणि वर तुम्हीही तापाची गोळी दिली, तर एकच औषध दोनदा पोटात जाते. दम्याच्या फवाऱ्यातले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होते आणि ॲड्रेनलिनचे एपिनेफ्रिन.

आकड्यांचेही तसेच. ‘माझा ताप एकोणचाळीस आहे,’ असे युरोपातला मुलगा म्हणाला तर दुर्लक्ष करू नका. तो सेल्सिअसमध्ये बोलतोय आणि आपल्या मापात तो ताप १०२ च्या वर आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात रक्तातली साखरही वेगळ्या एककात मोजतात. तिथला आकडा १८ ने गुणला की आपला आकडा मिळतो. म्हणजे त्याच्या यंत्रावर ३ दिसत असतील तर आपल्या हिशेबाने साखर ५४ झाली आहे आणि हा धोका आहे. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर किंवा गूळ खायला द्या.

पहिल्या तासात कोणी काय करायचे?

अशा वेळी पंधरा माणसे जमतात आणि पंधरा सल्ले देतात. म्हणून तीन कामे तीन जणांना वाटून द्या. पहिल्याने रुग्णाजवळ थांबायचे, त्याच्याशी बोलत राहायचे आणि त्याचा श्वास व शुद्ध यांवर लक्ष ठेवायचे. दुसऱ्याने फोन करायचे. तिसऱ्याने पासपोर्ट, तो कागद, औषधे आणि मोबाइलचा चार्जर एका पिशवीत भरायचा.

१०८ ही राज्य सरकारची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. रुग्ण परदेशी असला तरी तिला फोन करा. फोनवर गाव, तालुका, ओळखीची खूण आणि काय झाले ते सांगा. एक माणूस दुचाकीवर फाट्यावर उभा करा, म्हणजे गाडी वाड्या-वस्त्यांत चुकणार नाही. गाडीला फार वेळ लागणार असेल, तर खासगी वाहनाने निघा आणि वाटेत रुग्णवाहिका कुठे भेटेल ते फोनवर ठरवा. पोलिसांची मदतही हवी असेल तर ११२ हा क्रमांक आहे. डोंगराकडच्या गावांत सगळीकडे मोबाइलला रेंज असतेच असे नाही. कुठल्या ओट्यावर किंवा टेकाडावर ती मिळते, हे पाहुण्याला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

नेहमी येणारे प्रसंग

*सर्पदंश.* आपल्याकडे प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप जिवावर बेततात. भारतात मिळणारे प्रतिविष या चौघांवर चालते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे काही वेळाने दिसतात. झोपेतून उठलेला पाहुणा असे काही सांगू लागला, तर दंशाची खूण दिसली नाही तरी रुग्णालय गाठा.

चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी आणि घड्याळ काढा, रुग्णाला चालवू नका. आवळपट्टी, चिरा मारणे, तोंडाने विष ओढणे, मांत्रिक, पाला यांतले काहीही करू नका. साप मारण्याच्या मागे लागू नका. प्रतिविषाचीही ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच द्यायचे असते. पाहुण्याला जमिनीवर झोपवण्याऐवजी खाटेवर, कडा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपवले, तर हा प्रसंग बऱ्याच अंशी टळतो.

*शेंगदाण्याची ॲलर्जी.* आपल्याला याची कल्पना सगळ्यात कमी असते. पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेले लोक बरेच आहेत आणि आपल्या स्वयंपाकात कूट कशात नाही? भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, चटणी, शिवाय शेंगदाण्याचे तेल. ‘अगदी थोडेच घातले आहे’ हे इथे चालत नाही, कारण थोडेही पुरते. वेगळी कढई, वेगळे तेल आणि वेगळा चमचा ठेवा, आणि ज्यांच्या घरी तो जेवायला जाणार आहे त्यांनाही आधी सांगा.

ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला, चक्कर आली, तर हा गंभीर झटका आहे. अशा लोकांकडे ॲड्रेनलिनचे तयार इंजेक्शन असते. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचे, गरज पडल्यास कपड्यावरूनही. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर बसवून ठेवा, पण उभे करू नका, चालवू नका. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरे इंजेक्शन द्या. बरे वाटले तरी रुग्णालयात न्या, कारण काही तासांनी झटका परत येऊ शकतो. ही तयार इंजेक्शने आपल्याकडे तालुक्याच्या औषध दुकानात सहसा मिळत नाहीत. पाहुण्याला घरूनच दोन आणायला सांगा.

*कुत्रा किंवा माकड चावणे.* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटे वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. पाहुण्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधी पूर्ण घेतली असेल, तर त्याला पुन्हा दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. ती घेतल्याची नोंद डॉक्टरांना दाखवा. लस घेतली होती म्हणून काहीच करायचे नाही, असे मात्र नाही.

*उष्माघात.* एप्रिल-मे महिन्यांत थंड देशातून आलेला माणूस श्रमदानात आपल्या बरोबरीने कुदळ चालवायला बघतो. त्याला पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळचेच काम द्या. तो गोंधळल्यासारखे बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपली, तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत गार फडकी किंवा बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

*जुलाब-उलट्या.* एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची एक लिटरची पुडी मिसळून घोट घोट द्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. शौचात रक्त, मोठा ताप, लघवी न होणे किंवा पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरकडे न्या.

*रस्ता अपघात.* पाहुण्याला हौसेखातर मोटारसायकल देऊ नका. अनेक विमा पॉलिसी वैध परवाना किंवा हेल्मेट नसेल तर खर्च देत नाहीत. अपघात झालाच, तर जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात या योजनेबद्दल विचारा.

रुग्णालयात गेल्यावर

‘नातेवाईक नाही, सही कोण करणार?’ हा प्रश्न हमखास येतो. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार त्याने आधी करायचे, बाकीचे सोपस्कार नंतर. रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच घ्यायची. त्याच्या वतीने परस्पर निर्णय घेऊ नका. तुमचे काम दुभाष्याचे आहे. डॉक्टर काय म्हणाले ते गाळून किंवा गोड करून सांगू नका, जसेच्या तसे सांगा.

विमा कंपनीला दाखल करतानाच फोन लावा. उशिरा कळवल्यास दावा अडू शकतो. कंपनीने रुग्णालयाला खर्चाची हमी देणारे पत्र पाठवले तर उत्तम. नाहीतर पैसे आधी भरून नंतर परत मागावे लागतात. त्यासाठी प्रत्येक बिल, पावती, तपासणीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड सही-शिक्क्यासह जपा. पुण्या-मुंबईला हलवायचे की मायदेशी न्यायचे, हा निर्णय उपचार करणारे डॉक्टर आणि विमा कंपनीचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. संस्थेने आपल्या जिवावर विमानाची रुग्णवाहिका ठरवू नये, कारण तिचा खर्च प्रचंड असतो.

कोणाला, कधी कळवायचे?

कुटुंबाला त्याच दिवशी कळवा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याच्या परवानगीने, आणि शक्य झाल्यास त्यालाच बोलू द्या. लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार ते साडेपाच तास असते, न्यूयॉर्कचे साडेनऊ ते साडेदहा. तिकडे रात्र असली तरी गंभीर प्रसंगी सकाळची वाट पाहू नका. काय झाले, आता कुठे आहे, डॉक्टर काय म्हणतात आणि पुढचा फोन किती वाजता करणार, एवढे चार मुद्दे सांगा. शेवटचा मुद्दा पाळा. तिकडे सारे घर त्या फोनची वाट पाहत बसलेले असते.

वाणिज्य दूतावास कुटुंबाशी संपर्क, हरवलेली कागदपत्रे, रुग्णालयांची यादी यांत मदत करतो. तो रुग्णालयाचे बिल भरेल असे मात्र गृहीत धरू नका.

कागदपत्रांच्या बाबतीतही आधीच काळजी घ्या. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हे बंधन हॉटेलांप्रमाणेच पाहुण्यांना उतरवणाऱ्या संस्थांना आणि घरांनाही आहे. पर्यटक ई-व्हिसावर विनामोबदला सेवाकार्य जास्तीत जास्त एक महिना करता येते. व्हिसा आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ नसेल, तर पोलीस चौकशीच्या भीतीने लोक रुग्णालयात जायचे टाळतात आणि जीव धोक्यात येतो.

आपली मुले परदेशी गेली तर?

वरचा सगळा लेख उलटा वाचा. तोच कागद, त्याच दोन प्रती, फक्त आता यजमान तिकडचा आहे आणि फोनची वाट पाहणारे घर आपले. जाण्याआधी त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक लिहून ठेवा. तक्रार आणि मदतीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयांसाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, पण तो विम्याला पर्याय नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच वारले. ते तर स्वतः डॉक्टर होते. सेवेला गेलेला माणूसही आजारी पडू शकतो, हे त्याने स्वतः आणि त्याच्या यजमानाने दोघांनी गृहीत धरायला हवे. तेव्हा निघण्याआधी मुलाला किंवा मुलीला एवढे जरूर सांगा : ‘तिथल्या लोकांना रात्री उठवायला लाजू नकोस.’ आणि आपल्याकडे कोणी आले, तर तेच वाक्य त्याच्या भाषेत त्यालाही सांगा.